मणक्याची कळ

धोंडीमामा माणसाच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. समोरून कोणी आलं की त्यांची नजर आधी पावलांवर, मग गुडघ्यांवर, मग कमरेवर जायची, आणि तोंडापर्यंत पोचेस्तोवर माणूस पुढे निघून गेलेला असायचा. मी न्हावऱ्याच्या शाळेवर बदलून आलो आणि त्यांच्या घराला लागून असलेली खोली घेतली, त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. मी ट्रंक उचलून अंगणातून चालत गेलो तेवढं बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, ल्हानपनी डावा पाय मोडलाय तुमचा. बसवनाऱ्यानं घाई केली." पाय मोडला होता हे खरं होतं. ते मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

मामांचे आजे-पणजे मेंढरांमागं हिंडणारे. वडिलांच्या काळात मेंढरं गेली आणि कांद्याचं रान, चार जनावरं असा संसार एका जागी बसला. हाडं बसवायची विद्या मात्र मेंढरांबरोबर गेली नाही. मामा ती मेंढरांवरच शिकले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "मेंढरू बोलत न्हाई," ते म्हणायचे, "त्यामुळं खोटंबी बोलत न्हाई. मानसाचं तसं न्हाई. दुखतंय गुडघ्यात आन् हात लावतो मांडीला." सकाळी गोठ्याशेजारच्या छपरात ते बसायचे. शिरूरकडून, केडगावकडून एसटीनं माणसं यायची. एक नारळ ठेवायचा, बाकी काही नाही. हाड कातडीबाहेर आलेलं असेल किंवा चुरा झालेला असेल तर मामा हात लावायचे नाहीत. दौंडला एक हाडांचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे पाठवायचे. डॉक्टरही मामांना ओळखून होते. मामांनी पाठवलेल्या माणसाला रांगेत ताटकळत ठेवायचे नाहीत.

त्यांची बसवायची तऱ्हा बघायला मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम छपरात जाऊन बसायचो. एकदा एक गडी मोटरसायकलवरून पडून खांदा निखळवून आला. हात लावू देईना. मामांनी त्याचा दंड नुसता धरून ठेवला आणि विचारलं, "काय रं, तुझ्या भावानं बांध कोरला म्हनं?" झालं. गड्याचं तोंड सुटलं. भाऊ, भावजय, तलाठी, सगळ्यांचा उद्धार सुरू झाला आणि तो ऐन रंगात असताना खट् असा आवाज आला. खांदा जागेवर बसला तरी तो बराच वेळ शिव्याच देत होता. मामा नारळ बाजूला सरकवत म्हणाले, "आता भावाला जाऊन मिठी मारून बघ, हात वर जातो का ते." बाहेर बसलेली माणसं हसून हसून लोळली.

असा हा माणूस. गावाची हाडं बसवणारा. आणि त्याच्याच घरात, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या बायकोची हाडं एकेक करून मोडत गेली. ती सगळी वर्षं मी भिंतीपलीकडे होतो.

शेवंतामामी उंच होत्या, मामांपेक्षा चांगल्या वीतभर. दोघं बरोबर चालायला लागली की मामी मुद्दाम सरळ होऊन चालायच्या आणि मामा चार पावलं पुढं पळायचे. दोन्ही हातांत दुधाचे कॅन घेऊन त्या डेअरीवर जायच्या आणि वाटेत भेटेल त्याची टिंगल करायच्या. मला म्हणायच्या, "गुरुजी, पोरं शिकवून दमलासा? आमची म्हस शिकवून बघा येकदा."

मी यायच्या आधीच त्यांची पिशवी काढलेली होती. पस्तिशीही उलटली नव्हती तेव्हा. अंगावरून फार जायचं. कुठल्यातरी खासगी दवाखान्यात सांगितलं की ठेवली तर पुढे कॅन्सर होईल. आमच्याकडे त्या दिवसांत बायका जीपमध्ये बसून जायच्या आणि पिशवी काढून यायच्या, दाढ काढून यावी तशा. मामींच्या पिशवीबरोबर आतलं आणखी काय काय काढलं हे कोणी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. मामी खूश होत्या. "कटकट गेली," म्हणायच्या, "आता म्हयनाभर सलग कामाला मोकळी."

पहिलं मोडलं ते मनगट. गोधडी पिळत होत्या. पडल्या नाहीत, धडपडल्या नाहीत, नुसती गोधडी पिळता पिळता कट्कन वाजलं. मामांनीच बसवलं. मी तिथं होतो. लोकांची हाडं बसवताना बोलत राहणारा हा माणूस त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही. आधाराला बांबूच्या कांबट्या बांधून झाल्यावर मामी म्हणाल्या, "माज्याकडनं नारळ न्हाई घेतला?" मामा उठून गोठ्यात गेले.

मग दुसऱ्या थंडीत खोकताना बरगडी गेली. मग पाठ वाकायला लागली. फडताळातला वरचा डबा मामींच्या हाताला लागेना. मामा रोज संध्याकाळी त्यांना भिंतीला पाठ लावून उभं करायचे आणि अंगठ्यानं वरपासून खालपर्यंत एकेक मणका चाचपायचे. मणके एकमेकांवर बसत चालले होते. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की दोघं बरोबर चालली की आता मामा उंच दिसतात. ते मामांच्याही लक्षात आलेलं होतं, कारण मामींबरोबर चालताना ते खांदे पाडून चालायला लागले होते.

गाव बोलायला कमी करत नाही. दिव्याखाली अंधार म्हणाले, कोणी म्हणालं इतक्यांची दुखणी हातानं ओढून घेतली ती घरात उतरली. मामा हे सगळं ऐकायचे. एकदा मला म्हणाले, "गुरुजी, मोडल्यालं हाड मला कळतं. पन न मोडताच मोडतंय, त्याला मी कुठं धरू?"

मग त्यांनी जे सुरू केलं त्याला मी वेड म्हणेन, पण असं वेड नशिबी असणाऱ्या बायका आमच्या गावात फार नव्हत्या. त्यांनी मामींना चुलीपुढून उठवलं आणि स्वतः बसले. धनगराचा ठाम विश्वास असतो की हाड हाडानं भरतं. मामा खाटकाकडून नळ्या आणायचे, पाये आणायचे, सकाळपासून मंद आचेवर शिजत ठेवायचे आणि तो चिकट रस्सा, वर तुपाची धार सोडून, मामींना पाजायचे. दह्यातून गव्हाएवढा चुना द्यायचे. डिंकाचे लाडू वळायचे. गडीमाणूस लाडू वळतोय हे बघायला शेजारच्या बायका निमित्त काढून यायच्या. मामी तोंडाला पदर लावून हसायच्या, पण वाटी रिकामी करायच्या. दौंडच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्याही मामा वेळेवर द्यायचे. फक्त डॉक्टरांचं एक त्यांनी ऐकलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, रोज थोडं चालवा. मामांनी मामींचं चालणंच बंद केलं.

यामागंही मेंढरंच होती. कळप मुक्काम हलवतो तेव्हा लंगडी मेंढी चालवत नाहीत. घोड्यावर टाकतात, नाहीतर खांद्यावर घेतात. चालवली तर ती जाते, हे मामांनी लहानपणापासून बघितलेलं. "डाक्टर शिकल्याला हाय, पन त्यानं कळप हाकला न्हाई," ते म्हणाले. म्हणून मामी खाटेवर. डेअरी बंद, रान बंद, विहिरीवर जाणं बंद. कॅन नेणारी ती बाई दिवसभर दारातल्या खाटेवर बसून रस्त्यानं जाणाऱ्या माणसांची टिंगल करायची, आणि हळूहळू तेही कमी झालं. अंगानं सुटल्या. चार पावलांत धाप लागायला लागली. मामांना वाटलं अंग धरतंय, गुण येतोय.

त्याच सुमाराला ती कळ सुरू झाली. न्हाणीपर्यंत जाऊन आल्या की पाठीत दोन्ही खवाट्यांच्या, म्हणजे खांद्याच्या पात्यांच्या, मधोमध दाटून यायचं, डावा हात कोपरापर्यंत जड व्हायचा, कपाळावर घाम यायचा. मामांनी पाठीवर बोट ठेवून निदान केलं. मणका दबलाय, त्याची कळ हातात उतरती. अशी कळ घेऊन त्यांच्याकडे आजवर किती माणसं आली होती आणि बरी होऊन गेली होती. ते मामींना पालथं निजवायचे, कोमट तेल लावून हलक्या हातानं पाठ चोळायचे, आणि कळ उतरायची. दर वेळी उतरायची. मामींचा चेहरा सैल व्हायचा, डोळे मिटायचे. कितीतरी दिवसांनी मामांना आपल्या हाताला यश आल्यासारखं वाटत होतं. मला दारातून हाक मारून दाखवायचे, "बघा गुरुजी, हात लावला की उतरतं." निजल्यामुळं उतरतं, विसावा मिळाल्यामुळं उतरतं, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. काळीज दुखतं तेव्हा ते छातीतच दुखणार अशी आमची समजूत. मामींच्या छातीत कधी दुखलंच नाही.

असं पावसाळाभर चाललं. दिवाळीनंतर एका सकाळी कळ आली आणि उतरेना.

मी शाळेला निघालो होतो. मामा पाठ चोळत होते, मामी पालथ्या पडून दातावर दात धरून होत्या. मामांनी तेल बदललं, विटकर गरम करून फडक्यात गुंडाळून शेकलं, पुन्हा चोळलं. मामींना उलटी झाली. ऊन अंगणात उतरलं तरी मामा चोळतच होते. शेवटी मीच रशीदभाईंना बोलावून आणलं. त्यांची जीप आमच्या आळीची रुग्णवाहिकाच होती. रशीदभाईंनी मामींचा चेहरा बघितला आणि जीप शिरूरकडे वळवली. शिरूर जवळ, तिथं मोठे दवाखाने. मामा म्हणाले, "शिरूर नगं. दौंडला घ्या. मणक्याचं दुखनं हाय, हाडाच्याच डाक्टरला दावायचं." रशीदभाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. पण हाडाच्या बाबतीत धोंडीमामांच्या पुढं कोण बोलणार? जीप उलटी फिरली. तो सबंध रस्ता मामींचं डोकं मामांच्या मांडीवर होतं आणि मामांचा हात त्यांच्या पाठीवर फिरत होता.

दौंडलाही मामांनी मणक्याचाच फोटो मागितला. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये होते, मामांना सगळे ओळखत होते, त्यामुळं कोणी काही न विचारता फोटो काढला. डॉक्टर आले आणि त्यांनी तो उजेडाच्या पाटीवर लावला. मामांनी आयुष्यात शेकडो फोटो बघितले होते. ते पुढं झाले. मणके दिसत होते, पण धुरकट, चुलीवरच्या भिंतीसारखे, मधेच चेपलेले. आणि त्यांच्या पुढच्या बाजूला, जिथं काहीच नसायला पाहिजे, तिथं एक पांढरी स्वच्छ रेघ होती. हाडांपेक्षा पांढरी.

"ह्ये कुठलं हाड?" मामांनी विचारलं.

डॉक्टर वळले, मामींच्या घामेजल्या कपाळावर हात ठेवला, नाडी बघितली आणि पळत जाऊन काळजाची पट्टी काढायचं यंत्र आणायला सांगितलं. मग धावपळ झाली. शेजारच्या दवाखान्यातले हृदयाचे डॉक्टर आले. झटका येऊन बरेच तास झाले होते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या तासांत द्यायचं असतं, ती वेळ निघून गेली होती. जीव राहिला, पण काळजाचा मोठा भाग गेला असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांनी मामांना केबिनमध्ये बसवून तो फोटो पुन्हा लावला. मीही होतो. ती रेघ म्हणजे हाड नव्हतं, रक्ताची मुख्य वाहिनी होती. तिच्या भिंतीत चुना साठून ती फोटोत हाडासारखी दिसायला लागली होती. डॉक्टर सावकाश, समजेल असं बोलत होते. बाईच्या पोटातलं सगळं लहान वयात काढून टाकलं की हाडांतला चुना भराभर कमी होत जातो आणि रक्तवाहिन्याही लवकर कडक व्हायला लागतात. सगळ्यांचं असं होतं असं नाही, पण ही दोन दुखणी पुष्कळदा जोडीनं येतात. ज्या बाईची हाडं अशी न पडता मोडतात तिचं काळीजही तपासायला पाहिजे, आणि ते आमच्याकडूनही राहून जातं, असंही ते म्हणाले. हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं म्हणून मला तो माणूस आवडला.

मामांनी विचारलं, "म्या दिलेला चुना ग्येला का तिथं?"

डॉक्टर म्हणाले, तसं नाही, तेवढ्यानं काही होत नाही.

"आन् तूप? नळ्या? खाटंवर बसवली ती?"

डॉक्टर म्हणाले, चालायला पाहिजे होतं, मामा. बाकीचं सगळं त्यांच्या शरीरात आधीपासून चालू होतं. पण मामांनी पुढचं ऐकलं नाही. त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसले. मला अजून त्या पांढऱ्या रेघेचा राग येतो. इतकी वर्षं हाडांत जे भरायला तो माणूस जिवाचं रान करत होता, ते नको तिथं जाऊन बसलं होतं आणि वर फोटोत चमकत होतं.

घरी आल्यापासून छपरातलं बसणं बंद झालं. माणसं नारळ घेऊन यायची आणि मामा आत निघून जायचे. मी बाहेर येऊन त्यांना परत लावून द्यायचो. तूप बंद, नळ्या बंद. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं रोज थोडं थोडं चालवायचं होतं. सकाळी मामा मामींचा हात धरून अंगणात आणायचे. मामी दोन पावलं टाकायच्या, थांबायच्या, श्वास गोळा करायच्या. ज्यानं त्यांना खाटेवरून उतरू दिलं नव्हतं तो आता गयावया करायचा, "आनखी येक टाक. येकच." मामींना पाऊल टाकताना होणारा त्रास मामांच्या तोंडावर दिसायचा. दुखऱ्या जनावराला चालवायचं नसतं हे त्यांच्या रक्तात होतं आणि ते रोज सकाळी त्याच्या विरुद्ध वागत होते. मी खिडकी लावून घ्यायचो.

एके सकाळी अंगणाच्या कडेच्या आंब्यापर्यंत पोचून परत फिरताना मामी खाली बसल्या. मामांनी हात सोडलेला नव्हता. मी धावलो तेव्हा ते म्हणाले, "पडली म्हनून मोडलं न्हाई गुरुजी. मोडलं म्हनून पडली. म्या आवाज ऐकला."

खुबा मोडला होता. पुन्हा दौंड. कासुर्डीला दिलेली लेक सगुणा धावत आली. मामींच्या खाटेच्या पायथ्याशी दोन्ही डॉक्टर उभे होते. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं नाही तर ही बाई अंथरुणातून उठणार नाही आणि अंथरुणातच जाईल. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, भूल दिली तर टेबलावरच जाईल. पुण्याला न्यायचं तर न्या, पण तिथंही हेच सांगतील. दोघंही भली माणसं होती, दोघांचंही खरं होतं. सगुणा एकदा ह्यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. मामा कोणाकडेच बघत नव्हते. मामी म्हणाल्या, "मला घरी न्या."

घरी आणल्यावर मामींनी मामांना जवळ बोलावलं. मी आणि सगुणा दारात होतो. आवाज फार खोल गेला होता. "साऱ्या गावाची बसवली," मामी म्हणाल्या, "माजं तेवढं तुमी बसवा."

दौंडहून पहिल्यांदा परत आल्यापासून मामांनी कोणाच्या हाडाला हात लावला नव्हता. ते खाटेशेजारी गुडघ्यावर बसले. मामींच्या मांडीवर दोन्ही हात ठेवले, पाय किंचित सरळ केला, उशीचा आधार दिला. बराच वेळ तसेच बसून राहिले.

"बसलं का?" मामींनी विचारलं.

"बसलं," मामा म्हणाले.

मामींनी डोळे मिटले. मामा बाहेर आले, गोठ्याच्या भिंतीला टेकले. खुब्याचं हाड हातानं बसत नाही हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. पण हाडाविषयी त्यांनी कोणाला खोटं सांगितल्याचं मला दुसरं आठवत नाही.

त्यानंतर मामी थोडेच दिवस होत्या. एका दुपारी सगुणा पाणी पाजत असताना श्वास थांबला. मामा तेव्हा जनावरांना वैरण टाकत होते. सगुणाचा आवाज ऐकूनही त्यांनी हातातली पेंढी टाकली नाही. ती जनावरांपुढं पसरून मग आत गेले.

सावडायला नदीवर आम्ही मोजकी माणसं गेलो. राखेवर गोमूत्र आणि दूध शिंपडलं. भावकीतल्या एका जाणत्यानं मडकं पुढं ओढलं आणि हाडं वेचायला राखेत हात घातला. एरवी डोक्याकडची, हातापायाची मोठी हाडं लगेच वर येतात. इथं बोटांना काही लागत नव्हतं. जे लागायचं ते उचलता उचलता भुगा व्हायचं. तो माणूस चाचपडत पुढं सरकला. ऊन वाढत होतं, पुढची कामं खोळंबली होती, म्हणून त्यानं बाजूची काटकी घेऊन राख वरखाली करायला सुरुवात केली.

मामा इतका वेळ लांब उभे होते. ते पुढं आले आणि त्यांनी त्याचा हात धरला.

"हळू," ते म्हणाले. "मोडतील ती."

काटकी बाजूला पडली. मामा राखेपाशी उकिडवे बसले आणि बोटांनी एकेक कण वेचून मडक्यात ठेवायला लागले. आम्ही तसेच उभे राहिलो. सगुणाच्या नवऱ्यानं मला खूण केली, तसा मी इतरांना घेऊन परत फिरलो. वळणावरून मागं बघितलं तेव्हा ते अजून वेचत होते.